वेल्डिंग धरेल का?

हर्णैच्या बंदरावरून मासळी घ्यायची, बर्फाची पेटी कॅरिअरला बांधायची आणि आसपासच्या वाड्या करायच्या, अशी पंधरा वर्षं राबलेली एक सायकल मिरगाच्या आधी आमच्या ओळखीच्या वेल्डरकडे आली. मागच्या चाकाच्या बाजूने पेडलकडे जाणाऱ्या खालच्या नळीला आडवी चीर होती, नखाएवढी. वेल्डरने चिरेजवळ स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवून तळव्याने जरा दाबलं, तर ते सरळ आत गेलं. "दादा, वेल्डिंग धरायला पत्रा तर पाहिजे," एवढंच तो बोलला. त्याच सकाळी एका शाळकरी मुलाची सायकल आली होती. तिच्या वरच्या दांड्याला मधोमध चांगला अंगठा बसेल एवढा पोचा. ती त्याने बोट फिरवून तशीच परत दिली.

गिऱ्हाइकाला हे पटत नाही. मोठा पोचा चालतो आणि नखाएवढी चीर का चालत नाही?

पोचा म्हणजे होऊन गेलेला अपघात. पोलादाची नळी दबली, तिथेच थांबली. दांड्याच्या मध्यावर ताण सांध्यांपेक्षा कमी असतो, म्हणून उथळ, गुळगुळीत पोचा वर्षानुवर्षं निमूट बसून राहतो. चिरेचं तसं नाही. नवं कापड हाताने ओढून फाटत नाही, पण काठाला कात्रीने जरासा छेद दिला की टर्रकन फाटतं. सगळी ओढ त्या छेदाच्या टोकावर येऊन पडते. चार्ल्स इंग्लिस या इंग्रज अभियंत्याने 1913 मध्ये याचं गणित मांडलं: भोक जितकं लांबट आणि टोकदार, तितका टोकाशी ताण जास्त. म्हणजे प्रत्येक खड्डा, प्रत्येक पेडल चिरेला थोडं पुढे ढकलतं.

याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, जर्मनीत ऑगस्ट व्योलर हा अभियंता रेल्वेचे आस का मोडतात याच्या मागे लागला होता. एका झटक्यात आस मोडेल एवढं वजन त्यांच्यावर कधीच नसायचं. ते लाखो फेऱ्यांनंतर थकून मोडायचे. त्याच्या प्रयोगांतून कळलं की पोलादाला एक उंबरठा असतो. ताण त्याच्या खाली राहिला तर कितीही फेऱ्या मारा, ते थकत नाही. ॲल्युमिनियमला असा उंबरठा नाही. ते हळूहळू का होईना, थकतच राहतं. म्हणून जुनी लोखंडी सायकल आजोबांपासून नातवापर्यंत चालते, असं आपण अभिमानाने सांगतो.

फक्त हे कोरड्या हवेतलं गणित आहे. खाऱ्या ओलाव्यात पोलादाचा हा उंबरठा नाहीसा होतो. गंजाचा प्रत्येक खळगा म्हणजे चिरेसाठी तयार केलेली सुरुवात. आणि आपल्याकडे ओलावा कधी संपतो? स्वयंपाकघरातली मिठाची बरणी बघा. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून पाझरायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचा क्षारही असतो, तो तर त्याहून कितीतरी कोरड्या हवेतही ओला होतो. म्हणजे मे महिन्यातसुद्धा किनाऱ्यावरच्या सायकलवर मिठाचा ओलसर पापुद्रा असतो. मासेवाल्याच्या सायकलवर तर पेटीतलं खारं पाणी थेंबथेंब त्या खालच्या नळीवरच गळत होतं. पाववाल्यांच्या सायकली त्याच रस्त्यांवर जास्त टिकलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यांच्या करंडीतून काही गळत नाही.

आणि गंज आतून येतो. सीटच्या दांड्याच्या फटीतून पावसाचं पाणी उतरतं आणि पेडलचा आस बसतो त्या आडव्या नळकांड्यात, म्हणजे फ्रेमच्या सगळ्यात खालच्या जागी, साठतं. बाहेर रंग शाबूत, आत पत्रा कागदासारखा. सीट आणि तिचा दांडा काढून सायकल उलटी करा. तपकिरी पाणी आणि पापुद्रे पडले तर काय ते समजा. पान्याच्या टोकाने नळीवर हलकं ठोकत गेलं तरी कळतं, धड नळी खणखणते, खाल्लेली बद्द वाजते.

रंगावरची रेघ ही नुसती रंगाची की खालच्या धातूची, हे ओळखायला जुन्या कारखान्यांतली एक युक्ती आहे. रंग खरवडा, रॉकेल लावा, दहा-पंधरा मिनिटांनी कोरडं पुसा आणि वर खडूची पूड चोळा. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल परत झिरपतं आणि पांढऱ्यावर काळपट रेघ उठते. हँडलच्या नळीच्या मागे, खालच्या तिरक्या दांड्याच्या पोटाशी हे जरूर करा. समोरून धडक बसली की तिथेच आधी सुरकुती पडते. सुरकुती पडलेली नळी, मग ती चिरलेली नसली तरी, मी चालवायला सांगणार नाही.

फ्रेम वाकली का, हे सुतळीने कळतं. मागचं चाक काढून ते बसायच्या एका खाचेपासून सुतळी न्यायची, हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेला आणायची आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर मोजायचं. लोखंडी फ्रेम थोडी वाकलेली असली तर जाणकार ती न तापवता ओढून सरळ करतो. पत्रा धड असेल तर चीरही पितळेने भरता येते. पितळ साधारण 900 अंशांच्या आसपास वितळतं, पोलाद त्याच्या कितीतरी वर, त्यामुळे नळी जळत नाही. काडीचं आर्क वेल्डिंग पातळ नळीला सहज भोक पाडतं. चांगल्या फ्रेमची नळी मधोमध जेमतेम पाऊण मिलिमीटर जाड असते.

किनाऱ्याच्या रस्त्याने गोव्याकडे निघालेल्या पुण्या-मुंबईच्या सायकलस्वारांची ॲल्युमिनियमची फ्रेम चिरली की तेही गावातलं वेल्डिंग शोधतात. मिळतंही, दिसतंही छान. पण या मिश्रधातूची ताकद कारखान्यातल्या भट्टीतून आलेली असते: सुमारे 530 अंशांना तापवून पाण्यात विझवायचं, मग 170-175 अंशांना काही तास मुरवायचं. वेल्डिंगच्या आचेने सांध्याशेजारची ती मुरवण निघून जाते आणि ताकद निम्म्यावर येऊ शकते. पुढची चीर वेल्डिंगला लागूनच जाणार. कार्बनच्या फ्रेमवर नाणं वाजवून थर सुटलेत का ते ऐकता येतं, आणि ती दुरुस्तही होते, पण ते काम त्यातल्या माहीतगाराचं.

चिमट्याबद्दल, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कबद्दल, मात्र चर्चाच नको. मागची नळी तुटली तर सायकल बसते, चिमटा तुटला तर माणूस तोंडावर पडतो. चिरलेला चिमटा बदलायचा.

मासेवाल्याची फ्रेम भंगारात गेली. चाकं, हँडल आणि कॅरिअर दुसऱ्या फ्रेमवर चढलं. या खेपेला पेटीखाली त्याने जुनी ट्यूब फाडून अंथरली आहे, दोन्ही कडा वर वळवून आणि शेपूट मडगार्डच्या मागे सोडून. पाणी आता रस्त्यावर गळतं.