कासवाच्या टाकीत अँटिबायोटिक टाकू नका
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

टाकी, फिल्टर, खाद्य न्यायला येणारे बरेच जण जाता जाता विचारतात, "कासवाचे डोळे सुजलेत, पाण्यात टाकायला एखादी कॅप्सूल द्या की." ती आम्ही देत नाही. का देत नाही, हे काउंटरवरच्या गर्दीत नीट सांगून होत नाही, म्हणून हे पत्रक.

आपल्याकडे घरोघरी दिसणारं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं कासव म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर. त्याच्या आतड्यात साल्मोनेला, म्हणजे माणसाला ताप-जुलाब आणणारे जिवाणू असू शकतात. पाळीव सरडा इग्वाना आणि अजगराच्या जातीतल्या बॉल पायथनच्याही. प्राणी ठणठणीत असतो, खात-पित असतो आणि विष्ठेतून अधूनमधून जिवाणू सोडत असतो. रोज सोडत नाही, त्यामुळे एकदा तपासणीत काही सापडलं नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही. विष्ठा पाण्यात मिसळते, ते पाणी कवचावर आणि कवच मुलांच्या हातात.

मग औषधाने जिवाणू मारून का टाकू नयेत? हा प्रयोग होऊन गेलाय. लहान मुलं आजारी पडू लागली म्हणून अमेरिकेने १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. तिथल्या विक्रीसाठी कासवं वाढवणाऱ्यांनी पिल्लं जिवाणूमुक्त व्हावीत म्हणून अंड्यांवर जेन्टामायसिन हे अँटिबायोटिक वापरलं. साल्मोनेला पुरता गेला नाहीच, उलट जेन्टामायसिनला दाद न देणारा साल्मोनेला कासवांत सापडू लागला. टाकीत कॅप्सूल फोडली की तेच होतं. अर्धवट डोसात कच्चे जिवाणू मरतात, चिवट उरतात आणि वाढतात. औषधाला न जुमानण्याचा गुण ते शेजारच्या दुसऱ्या जिवाणूंनाही देऊ शकतात. उद्या घरातलं कुणी त्यानेच आजारी पडलं, तर डॉक्टरांच्या हातातलं एक औषध आधीच वाया गेलेलं असतं.

आणि डोळे? पुष्कळदा ती 'अ' जीवनसत्त्वाची कमतरता असते. वर्षभर नुसते सुके झिंगे घातले की पापण्या फुगतात, कासवाला दिसत नाही, मग ते खाणंच सोडतं. गोळी खाद्य, किसलेलं गाजर, लाल भोपळा, हिरवा पाला सुरू करा, पाणी वेळेवर बदला. सूज असेल तर प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवाच. औषध द्यायचं की नाही, ते त्यांनी ठरवायचं.

टाकीचं पाणी संडासात ओता, स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये कधीही नको. फिल्टरचा स्पंज भांड्यांच्या घासणीजवळ ठेवू नका. कासवाला किंवा पाण्याला हात लागला की साबणाने वीस सेकंद धुवा. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात कासव देऊच नका, ती कितीही रडली तरी.

घरात कुणाला ताप, जुलाब, पोटात मुरडा सुरू झाला, तर "घरी कासव आहे" हे डॉक्टरांना आपणहून सांगा. धडधाकट माणूस बहुधा चार ते सात दिवसांत अँटिबायोटिकशिवाय बरा होतो. पाणी, ओआरएस चालू ठेवा. तान्हं मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस असेल, शौचातून रक्त पडत असेल किंवा ताप चढत असेल तर डॉक्टरांकडे जायला थांबू नका. मागच्या आजारपणातल्या उरलेल्या गोळ्या मात्र कुणालाच देऊ नका, माणसाला नाही आणि कासवालाही नाही.

कासव सांभाळणं जमेनासं झालं म्हणून रंकाळ्यात किंवा पंचगंगेत सोडू नका. ते परदेशी आहे, आपल्या कासवांचं खाणं आणि जागा बळकावतं. दुकानात येऊन सांगा, नीट सांभाळणारं घर शोधायला आम्ही मदत करू.