मागील स्पीकर (मोटारगाडीतील)

मोटारगाडीच्या म्युझिक सिस्टीममध्ये मागच्या प्रवाशांसाठी मागील दारांत, पार्सल ट्रेवर (मागच्या काचेखालच्या फळीवर) किंवा डिक्कीलगतच्या पॅनेलमध्ये बसवलेली स्पीकरांची जोडी. गायक डॅशबोर्डच्या मध्यावर उभा राहून गातो आहे असे वाटायला लावणे हे पुढच्या दारांतील स्पीकरांचे काम. मागची जोडी मागच्यांना गाणे नीट ऐकू जाण्यापुरती. ठाणे-नवी मुंबईच्या रस्त्यांवर मात्र उलटाच प्रकार बराच दिसतो. पुढे कंपनीने दिलेले साधे स्पीकर तसेच, आणि मागे ट्रेवर दोन दणदणीत ओव्हल, म्हणजे लंबगोल स्पीकर. चालकाला सगळे गाणे मानेमागून ऐकावे लागते. पैसे मोजकेच असतील तर ते आधी पुढच्या दारांवर घालावेत. मागे क्वचितच कोणी बसत असेल, तर मागचे स्पीकर बदललेच नाहीत तरी काही बिघडत नाही.

एकच आवाज दोन ठिकाणांहून किंचित मागेपुढे कानावर आला, की मेंदू आधी पोचलेल्या आवाजाची दिशा खरी धरतो. हेल्मुट हास यांच्या १९४९ सालच्या प्रबंधामुळे हा परिणाम त्यांच्या नावाने ओळखला जातो. आवाजाला एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. गाडी लहान, त्यामुळे पुढच्या-मागच्या आवाजात जेमतेम दोन-तीन मिलिसेकंदांचा फरक पडतो, आणि मागचा आवाज वाढवला की तेवढ्याने भागत नाही. गायक मागच्या सीटवर जाऊन बसतो. डीएसपी (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारी चिप) असलेल्या अॅम्प्लिफायरमध्ये मागच्या जोडीला १०-२० मिलिसेकंद मुद्दाम उशीर देता येतो आणि वरच्या पट्टीतला चरचरीत भाग कमी करता येतो.

मागे को-अॅक्सिअल, म्हणजे वूफरच्या (खालच्या सुरांच्या स्पीकरच्या) मध्यावरच ट्वीटर (वरच्या सुरांचा स्पीकर) असलेला स्पीकर पुरतो. वेगळा ट्वीटर आणि क्रॉसओव्हर (वरचे-खालचे सूर वाटून देणारे सर्किट) असलेला कॉम्पोनंट संच पुढच्या दारांसाठी राखावा. ओव्हलवर ‘फोर-वे’, ‘फाइव्ह-वे’ लिहिलेले असते, त्यातले चिमुकले जादा ट्वीटर बहुतांशी शोभेचे. खोक्यावरच्या वॉटच्या आकड्यालाही भुलू नये. हेड युनिटवर (डॅशबोर्डमधल्या म्युझिक प्लेअरवर) ‘५० वॉट × ४’ छापलेले असले तरी अॅम्प्लिफायर न जोडता दर चॅनेलमागे सलग मिळणारी ताकद साधारण २० वॉटच असते. अशा वेळी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक ताकदीत स्पीकर किती मोठा आवाज देतो ते पाहावे. ती ३ डेसिबलने जास्त असलेला स्पीकर तेवढाच आवाज निम्म्या वॉटमध्ये देतो.

जागांमध्ये सगळ्यात बरी जागा मागच्या दाराची. तिथे बहुधा साडेसहा इंची स्पीकर बसतो, काही गाड्यांत सव्वापाच इंचीच. विकत घेण्याआधी काच पूर्ण खाली करून आतली खोली मोजावी, नाहीतर मॅग्नेट काचेला अडतो. पण आपल्याकडे दारातला खरा प्रश्न पाण्याचा आहे. काचेच्या रबरी पट्टीतून पावसाचे पाणी दाराच्या पोकळीत उतरतेच. ते खालच्या भोकांतून बाहेर पडावे अशीच रचना असते. पॅनेलच्या आत काळ्या चिकट गोंदाने लावलेला प्लास्टिकचा कागद असतो, तो हे पाणी गाडीच्या आत येऊ देत नाही. घाईत काम करणारा तो कागद ब्लेडने फाडतो, वायर ओढतो आणि पॅनेलच्या क्लिपा दाबून मोकळा होतो. मेमध्ये बसवलेल्या स्पीकरची ही करामत जुलैत कळते: मागच्या मॅटखालचा गालिचा ओला आणि गाडीत कुबट वास. म्हणून कागद सोडवून परत चिकटवायला लावावा आणि डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर कमी करणारा जाड थर) लावताना तळाची भोके बुजवू देऊ नयेत. स्पीकरखाली एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीची) रिंग घालायची तर तिला सगळीकडून व्हार्निश हवे, एरवी एका पावसाळ्यात ती बिस्किटासारखी फुगते. प्लास्टिकची रिंग हा कमी कटकटीचा मार्ग. कोन म्हणजे स्पीकरचा थरथरणारा शंकू; कागदी कोनपेक्षा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा कोन या हवेत जास्त टिकतो.

पार्सल ट्रेवर ओव्हल बसवण्याची चाल हॅचबॅकमुळे रुजली आणि सीएनजीने ती आणखी पक्की केली. महानगर गॅसचे पंप या पट्ट्यात ठिकठिकाणी आहेत आणि सीएनजी गाडीच्या डिक्कीतली बरीच जागा टाकी खाते. सबवूफरचे (फक्त बेससाठीच्या मोठ्या स्पीकरचे) खोके ठेवायला जागा उरत नाही, मग बेसची हौस ६ × ९ इंची ओव्हलवर भागवली जाते. त्याच्या कोनचे क्षेत्रफळ साडेसहा इंची गोल स्पीकरपेक्षा बरेच जास्त भरते, म्हणून बेस जास्त, हे खरे. तोटे मात्र तिथेच सुरू होतात. मूळ ट्रे पातळ फायबरचा, तो स्वतःच थरथरतो. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत जी खडखड ऐकू येते ती पुष्कळदा स्पीकरची नसून ट्रेची किंवा डिक्कीच्या दारावरच्या नंबर प्लेटची असते. आडवा ट्रे आवाज काचेवर फेकतो आणि काचेखालचे ऊन कोन कडक करते. सर्वांत वाईट म्हणजे ट्रे नुसत्या दोन खुंट्यांवर टेकलेला असतो. किलो-किलोचे दोन स्पीकर बसवलेला असा ट्रे जोरात ब्रेक लागला की मागच्यांच्या डोक्यावर येऊ शकतो. लावायचाच तर जाड प्लायचा, ब्रॅकेटने घट्ट आवळलेला ट्रे लावावा. सीएनजीची टाकी भरलेली असताना तिच्यात सुमारे २०० बार दाब असतो. तिच्या पाइपालगत वायर नेऊ नये आणि डिक्कीत ड्रिल मारण्याआधी पाइप कुठून गेला आहे ते पाहावे.

सेदानमध्ये मागच्या काचेखालचा पत्रा बॉडीचाच भाग असतो आणि बंद डिक्की स्पीकरच्या खोक्याचे काम करते, म्हणून ओव्हल तिथेच शोभतात. सात आसनी गाडीत मागच्या दारातले स्पीकर मधल्या रांगेचे. तिसऱ्या रांगेला फार काही मिळत नाही. कर्टन एअरबॅग (छताच्या कडेने पडद्यासारखी उघडणारी) असलेल्या गाडीत मागच्या खांबावर ट्वीटर स्क्रूने ठोकू नये. शेअर रिक्षात पाठीमागे ठोकलेले दोन स्पीकर हा वेगळाच विषय आहे. तिथे ऐकायचे की नाही हे प्रवाशाच्या हातात नसते.

जोडणीत दोन चुका नेहमीच्या. दारातले मूळ स्पीकर ठेवून त्याच वायरवर ट्रेचे ओव्हल जोडले, तर चार-चार ओहम रोधाचे दोन मिळून दोन ओहम होतात. बरीच हेड युनिट चार ओहमसाठी बनवलेली असतात, ती तापतात आणि आवाज मध्येच तुटतो. दुसरी चूक एका बाजूचे प्लस-मायनस उलटे लागण्याची. मग एक कोन बाहेर येताना दुसरा आत जातो आणि डग्ग्याचा घुमारा विरतो. दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवावा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला लागला की कोन बाहेर यायला हवा. वायर कापून जोडण्यापेक्षा गाडीच्या मॉडेलचा कपलर (मूळ वायरला नुसता खोचायचा तयार जोड) घ्यावा, वॉरंटीचा वाद टळतो.

शेवटी फेडर, म्हणजे आवाज पुढच्या-मागच्या स्पीकरांत वाटणारे बटण. तबल्याच्या साथीचे, एकट्या गळ्याचे गाणे लावावे. आवाज पूर्ण पुढे घेऊन हळूहळू मागे सरकवावा. गायक मागे ओढला जातोय असे वाटले की एक-दोन घरे परत पुढे यावे. हाय-पास फिल्टर (ठरावीक सुराखालचा आवाज अडवणारी सोय) असेल तर मागच्या जोडीला ८० हर्ट्झच्या खालचा बेस देऊ नये. हे सगळे गाडी उभी असताना बसवले तरी सायन-पनवेल महामार्गाच्या काँक्रीटवर टायरांची घरघर खालचे सूर गिळते, म्हणून पाम बीच रोडला लावलेला बेस तिकडे कमी वाटतो. काचा खाली असतील तर नियमही लक्षात ठेवावा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे आणि रुग्णालये, शाळा व न्यायालयांभोवती किमान १०० मीटरचे शांतता क्षेत्र सरकार जाहीर करू शकते.