बर्लिनमध्ये घर शोधताय? नव्याने आलेल्या जोडप्यांसाठी आमचं माहितीपत्रक

नमस्कार. तुम्ही दोघं नुकतेच बर्लिनला आलात, किंवा दोनतीन महिन्यांत येताय, म्हणून हे पत्रक तुम्हाला दिलंय. आमची छोटी फर्म आहे, चारच माणसं, आणि काम एवढंच की घराचे अर्ज जर्मनमध्ये लिहून द्यायचे, घर बघायला तुमच्यासोबत यायचं, आणि सही करायच्या आधी करार वाचून मराठीत समजावून सांगायचा. आम्ही ब्रोकर नाही. हे आधीच सांगतो कारण 2015 पासून इथे कायदा असा आहे की भाड्याच्या घरासाठी ज्याने ब्रोकरला कामाला लावलं त्यानेच त्याची फी द्यायची, त्यामुळे मालकाचा ब्रोकर तुमच्याकडे पैसे मागायला लागला तर देऊ नका, आधी आम्हाला फोन करा.

सगळ्यात महत्त्वाचं पहिल्याच भेटीत सांगतो. आल्या आल्या कायमचं घर शोधत बसू नका. मालकाला पगाराच्या शेवटच्या तीन स्लिपा हव्या असतात, शूफा हवा असतो (म्हणजे आपल्याकडच्या सिबिलसारखा रिपोर्ट), आणि तुमच्याकडे दोन्ही नसतं, कसं असणार, तुम्ही मागच्याच आठवड्यात उतरलात. म्हणून पहिले तीन ते सहा महिने फर्निश्ड जागा घ्या, थोडी महाग पडली तरी चालेल, पण अट एकच की तिथे आनमेल्डुंग झालं पाहिजे. आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते, बर्लिनमधल्या कुठल्याही बुर्गरआम्टमध्ये (म्हणजे आपल्या वॉर्ड ऑफिससारखं सरकारी ऑफिस) होते, पण अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो म्हणून जागा पक्की झाली की त्याच दिवशी बुक करा. त्यासाठी मालकाच्या सहीचा एक कागद लागतो, नाव लांबलचक आहे, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, पाठ करायची गरज नाही पण पैसे भरायच्या आधी "हा कागद देणार का" हे लेखी विचारा. बऱ्याच शॉर्ट स्टे वाल्या जागा देत नाहीत. आणि पत्ता नोंदला नाही तर टॅक्स नंबर पोस्टाने येत नाही, तो नाही तर पगारातून जास्त टॅक्स कापला जाऊ शकतो, बँकेचं काम अडतं, सगळंच एकात एक अडकलेलं आहे. राहायचं नाही पण पत्ता तेवढा विकत देतो असं म्हणणारे लोक भेटतील, त्यांच्या नादी लागू नका, ते बेकायदेशीर आहे आणि दंड होतो.

जाहिरात कशी वाचायची

आपण बीएचके मोजतो, इथे झिमर मोजतात आणि त्यात हॉलही धरतात. म्हणजे टू झिमर हे आपलं वन बीएचके. दरवर्षी कोणी ना कोणी टू झिमर बघून आईवडिलांना सहा महिन्यांसाठी बोलवायचं ठरवतं आणि मग पंचाईत होते, तर ते येणार असतील तर थ्री झिमरच बघा.

भाड्याचे दोन आकडे असतात. काल्टमीटं म्हणजे नुसतं भाडं, वार्ममीटं म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिना साफ करणं वगैरे धरून. वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा त्याच्याही बाहेर, ते तुम्ही वेगळं घ्यायचं. समजा काल्ट 900 युरो आणि वार्म 1120, तर बजेट 1120 च्या वरून धरा. डिपॉझिट मात्र काल्टवर मोजतात, कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचं, म्हणजे या घराला 2700 पेक्षा जास्त कोणी मागू शकत नाही, आणि ते तीन समान हप्त्यांत भरायचा तुम्हाला हक्क आहे, पहिला हप्ता भाडं सुरू होताना. हे मालक स्वतःहून सांगत नाहीत. आल्याआल्या खिशात पैसे कमी असतात तेव्हा याचा फार उपयोग होतो.

ईबीके लिहिलं असेल तर किचन बसवलेलं आहे. नसेल तर नीट विचारा, कारण ओटा नाही, कपाटं नाहीत, फक्त भिंतीतून आलेले पाइप, असंही घर मिळतं, किंवा आधीचा भाडेकरू त्याचं किचन तुम्हाला विकतो. वेबेएस (WBS) लिहिलेली जाहिरात सोडून द्या, ती घरं कमी उत्पन्नाचं सर्टिफिकेट असलेल्यांसाठी आहेत. हिंटरहाउस म्हणजे अंगणाच्या मागची बिल्डिंग, शांत असते पण खालच्या मजल्यावर हिवाळ्यात ऊन जवळजवळ येतच नाही, आणि दिवसभर घरी असणाऱ्या माणसाला नोव्हेंबरपासून ते फार जाणवतं, त्यामुळे शक्य तर वरचा मजला. जुन्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट नसते हे मात्र लक्षात ठेवा.

एरियाबद्दल आमचं मत: गोल फिरणाऱ्या एस-बान लोकलच्या रिंगच्या आतच हवं असा हट्ट नको. ऑफिस आडलर्सहोफला असेल तर कोपेनिक किंवा ट्रेप्टोकडे बघा, रोजचा तास वाचेल. भाजीची काळजी नको, वेडिंग, मोआबिट, नॉयकोल्नला तुर्की दुकानांत कोथिंबिरीच्या मोठ्या जुड्या मिळतात, आणि माइबाखउफरला मंगळवारी आणि शुक्रवारी बाजार भरतो.

अर्ज आणि फाइल

एकच पीडीएफ करून ठेवा, दोघांची मिळून. नोकरीचा करार, असतील तेवढ्या स्लिपा, भारतातल्या घरमालकाचं "भाडं थकवलेलं नाही" असं इंग्लिशमधलं पत्र (निघायच्या आधीच घ्या, नंतर मागायला जड जातं), बँकेत शिल्लक किती ते, आणि जमलं तर कंपनीचं एक पत्र. पासपोर्टची कॉपी पहिल्या मेसेजबरोबर पाठवू नका, घर बघून झाल्यावर, माणूस खरा आहे कळल्यावरच. मेसेज जर्मनमध्ये, सहासात ओळी, कोण आहात, काय काम, हातात पगार किती, कधीपासून हवंय. चांगल्या जाहिराती काही तासांत बंद होतात म्हणून मसुदा तयार ठेवायचा आणि सकाळीच टाकायचा.

इथे एक मनापासून सांगायचंय. दोघांतला एक ऑफिसला जातो आणि दुसरी, बहुतेक वेळा बायको, जिने पुण्याची किंवा नाशिकची स्वतःची चांगली नोकरी सोडलेली असते, ती दिवसभर एकटी अर्ज टाकत बसते आणि कोणाचंच उत्तर येत नाही. तिला वाटायला लागतं माझंच काहीतरी चुकतंय. ताई, तुमचं काही चुकत नाहीये. तीसचाळीस अर्जांना एकही उत्तर न येणं हे बर्लिनमध्ये नेहमीचं आहे, इथल्या जर्मन लोकांचंही तेच होतं. अर्ज दोघांनी वाटून घ्या, आणि रविवारी अजिबात टाकू नका, त्या दिवशी तळ्यावर फिरायला जा.

पैसे कधी भरायचे: घर आतून बघितल्याशिवाय आणि करार हातात आल्याशिवाय एक युरोही नाही. मालक परदेशात आहे, चावी पोस्टाने पाठवतो, आधी डिपॉझिट टाका, अशी गोष्ट ऐकली की ती फसवणूकच समजा, फोटो कितीही सुंदर असोत आणि भाडं कितीही कमी असो.

करार झाल्यावर

करारावर दोघांची नावं असू द्या. त्याने दोघांचा घरावर सारखा हक्क राहतो, पण पूर्ण भाड्याची जबाबदारीही दोघांवर येते आणि घर सोडताना सह्याही दोघांच्या लागतात. सोडायची नोटीस तीन महिन्यांची, कागदावर, पेनाने सही करून, ईमेल चालत नाही. काही करारांत एक किंवा दोन वर्षं सोडता येणार नाही असं कलम असतं, तुमचा नोकरीतला प्रोबेशन अजून संपला नसेल तर त्या कलमावर आम्ही थांबून बोलतोच.

आता छोटी वाटणारी पण सगळ्यात जास्त त्रास देणारी गोष्ट. इथे फ्लॅटला नंबर नसतो, पोस्टमन लेटरबॉक्सवरचं नाव बघून पत्र टाकतो. नाव नाही तर पत्र परत. आमच्याकडे आलेल्या एका जोडप्याचं असंच झालं, बॉक्सवर फक्त नवऱ्याचं आडनाव, तिच्या पासपोर्टवर माहेरचं, आणि तिच्या व्हिसाच्या अपॉइंटमेंटचं पत्र परत गेलं, दोन महिने वाया, त्यात तिची नोकरीची ऑफर लांबली. तेव्हापासून चावी मिळाली की आम्ही स्वतः बॉक्सवर आणि बेलवर दोन्ही आडनावं चिकटवून येतो, त्याचे पैसे घेत नाही.

चावी घेताना युबरगाबेप्रोटोकोल नावाचा कागद भरतात, त्यात भिंतीवरचा प्रत्येक डाग, फरशीचा ओरखडा, मीटरचं रीडिंग लिहून घ्या आणि फोटो काढा, डिपॉझिट परत मिळणं त्यावर ठरतं. रेडिओ टीव्हीची 18.36 युरोची महिन्याची वर्गणी घरामागे एकदाच असते, पत्रं दोघांना येतात, एकाने भरायची आणि दुसऱ्याने पहिल्याचा वर्गणीचा नंबर कळवायचा. आणि खिडक्या: आपला स्वयंपाक, कुकरची वाफ, आंघोळ, घरात वाळत घातलेले कपडे, आणि थंडी म्हणून सगळं बंद, यातून भिंतीला बुरशी धरते आणि मालक खर्च तुमच्यावर टाकू बघतो. दिवसातून तीनचार वेळा पाचदहा मिनिटं खिडकी सताड उघडायची, बर्फ पडत असला तरी, तेवढा वेळ हीटर बंद.

पहिल्या भेटीला दोघंही या, एकट्याने येऊ नका. येताना नोकरीचा करार, दोघांचे पासपोर्ट, मॅरेज सर्टिफिकेट, आणि सध्याची जागा कुठल्या तारखेला सोडायची ते लिहून आणा. पहिला तास फुकट आहे, चहा आम्ही करतो.