काय पाठवायचं नाही, हे शोधणारं गणित

घरातल्या डिस्कवर ५०० जीबी फोटो आणि कागदपत्रं आहेत. आग, पूर, चोरी, काहीही झालं तरी ती वाचावीत म्हणून एक प्रत ऑनलाइन ठेवायची आहे, आणि लाइनीचा अपलोड वेग आहे २ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला २ मेगाबिट. एका बाइटमध्ये ८ बिट असतात (जाहिरातीत वेग बिटमध्येच सांगतात, आकडा मोठा दिसतो). म्हणजे ४० लाख मेगाबिट पाठवायचे. त्याला लागतील २० लाख सेकंद. लाइन एकदाही न तुटता २३ दिवस! मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीवर हेच काम अकरा महिने चालेल.

एकदा हे सोसता येईल, दर आठवड्याला नाही. बदललं तेवढंच पाठवावं, हे उघड आहे. पण जुनी प्रत तिकडे, नवी इकडे; दोन्ही शेजारी न ठेवता फरक ओळखायचा कसा?

कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये याचं सुंदर उत्तर दिलं: आरसिंक नावाचा प्रोग्रॅम. जुनी फाइल असलेला संगणक तिचे समान तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन खुणा (त्यातल्या बाइटांवरून हिशेबाने काढलेले छोटे आकडे) काढतो, एक ३२ बिटांची कामचलाऊ आणि एक १२८ बिटांची पक्की. नवी फाइल असलेल्या आपल्या संगणकाकडे येतात फक्त या खुणा. ७०० बाइटच्या तुकड्यामागे २० बाइट.

मात्र नव्या फाइलच्या सुरुवातीला एक अक्षर घुसवलं की पुढचं सगळं एक घर सरकतं आणि कुठलाच तुकडा जुळत नाही. म्हणून आपला संगणक प्रत्येक बाइटपासून नवा तुकडा धरून पाहतो. दर वेळी ७०० बाइटची बेरीज नव्याने करायची तर तो दमेल. इथे कामचलाऊ खूण कामी येते: मागून सुटलेला बाइट वजा करायचा, पुढून आलेला मिळवायचा, झाली नवी बेरीज. नुसत्या बेरजेला ‘कमल’ आणि ‘कलम’ सारखेच, म्हणून जागेनुसार वजन देणारी दुसरी बेरीजही सोबत सरकत असते. ही खूण जुळली तरच पक्की काढायची. जे जुळलं ते पाठवायचं नाही.

यासाठी जुनी प्रत असलेल्या टोकालाही हिशेब करणारा प्रोग्रॅम लागतो. ॲमेझॉनच्या एस३सारखी ऑनलाइन साठवण मात्र फक्त वस्तू ठेवते आणि परत देते. तिथे २००१ मध्ये एमआयटी आणि न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी संथ जोडण्यांसाठी वापरलेली युक्ती उपयोगी पडते: फाइल कुठे कापायची हे मजकुरालाच ठरवू द्यायचं. ४८ बाइटची खिडकी सरकवत जायचं आणि तिच्या खुणेचे शेवटचे १३ बिट ठरावीक किमतीचे आले की तिथे कापायचं. असा योग सरासरी ८ केबीला एकदा येतो. आता सुरुवातीला अक्षर घुसलं तरी बहुधा पहिलाच तुकडा बदलतो, पुढच्या कापण्याच्या जागा त्याच राहतात. कोणते तुकडे आधी पोचलेत याची यादी आपल्याकडेही ठेवता येते. आजचं रेस्टिक हे बॅकअपचं साधन असंच चालतं, फक्त त्याचे तुकडे साधारण १ एमबीचे असतात.

रोज रात्री सगळ्या फोल्डरची एकच झिप करून, तिला पासवर्ड लावून मग वर चढवण्याची सवय या सगळ्यावर पाणी फिरवते. एन्क्रिप्शननंतर, म्हणजे पासवर्डने मजकूर गुप्त केल्यावर, कालची आणि आजची फाइल एकमेकींशी नातं सांगत नाही. आधी तुकडे, मग प्रत्येक तुकड्याचं कॉम्प्रेशन, शेवटी एन्क्रिप्शन, हा क्रम हवा. रेस्टिकसारखी साधनं तो स्वतःच पाळतात.

नव्या व्हिडिओपुढे मात्र कुठलीच युक्ती चालत नाही. तो आधीच दाबून बसवलेला असतो आणि त्याची जुनी प्रतही नसते. पहिल्या ५०० जीबींचंही तेच. ते डिस्कवर घालून जलद लाइन असलेल्या नातेवाइकाकडून चढवणं उत्तम. यात कमीपणा मुळीच नाही. ॲमेझॉननेच २०१५ मध्ये स्नोबॉल नावाची पेटी काढली, ती ग्राहकाकडे कुरिअरने जायची आणि ५० टीबीपर्यंत डेटा भरून कुरिअरनेच परत यायची.