इरॉस, रीगल इंग्रज सरकारनं नाही बांधले

आपल्या परभणी-नांदेडकडचं माणूस मुंबईला जाऊन आलं की हमखास सांगतं, चर्चगेटचं इरॉस टॉकीज इंग्रज सरकारनं बांधलंय बरं का. तसं नाहीये ओ. १९३८ला सुरू झालेल्या इरॉसमागं पैसा शियावक्स कंबाटा या पारशी उद्योजकाचा, नकाशा सोराबजी भेडवारांचा. कोपऱ्यावरचा टप्प्याटप्प्यानं वर चढत जाणारा मनोरा, बाहेर आग्र्याचा लाल दगड, आत काळा-पांढरा संगमरवर, ही आर्ट डेको स्टाईल, म्हणजे सरळ रेषा नि भौमितिक आकारांची त्या काळातली बांधकामाची फॅशन, सरकारी इमारतींच्या कमानी-घुमटांपेक्षा पार वेगळी, आणि मला तर जास्त देखणी वाटते. रीगल टॉकीज १९३३चं, मालक फ्रामजी सिधवा, फक्त आर्किटेक्ट तेवढा इंग्रज, चार्ल्स स्टीव्हन्स, म्हणजे व्हीटी स्टेशनचा (आताचं सीएसएमटी) नकाशा काढणाऱ्या स्टीव्हन्सचा मुलगा. लिबर्टी टॉकीज तर १९४९ला उघडलं, तेव्हा इंग्रज जाऊन दोन वर्षं झाली होती.