प्रकाशसंश्लेषण

हिरव्या वनस्पती, शेवाळं आणि काही बॅक्टेरिया उन्हाच्या जोरावर पाणी आणि कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवतात, त्या प्रोसेसला प्रकाशसंश्लेषण म्हणतात. वनस्पतींत हे काम पानातल्या हरितलवकात (पेशीतल्या बारीक हिरव्या कणांत) चालतं. त्यातलं हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश जास्त शोषतं, हिरवा कमी, म्हणून पान हिरवं दिसतं. एवढं शाळेत झालेलं असतं.

झाड माती खाऊन वाढतं ही समजूत फार जुनी. सतराव्या शतकातल्या व्हान हेल्मॉण्ट या रसायनशास्त्रज्ञाने ५ पौंडाचं विलोचं रोप कुंडीत लावलं, ५ वर्षं नुसतं पाणी घातलं, झाड १६९ पौंडांच्या आसपास गेलं आणि माती मात्र साधारण २ औंसच घटली, त्यावरून त्याने सगळं वजन पाण्याचंच असं ठरवलं (हे छापून आलं १६४८ साली, तो गेल्यावर). मातीबद्दल तो बरोबर होता, हवेचा हिशोब राहून गेला. पुढे झाडं हवा सुधारतात हे दाखवल्याचं श्रेय इंग्रज रसायनशास्त्रज्ञ प्रीस्टलीला देतात आणि ते योग्यच आहे, पण त्यासाठी ऊन लागतं आणि हिरवा भागच लागतो हे १७७९ मध्ये इंगेनहाउझ या डच डॉक्टरने दाखवलं, त्यामुळे खरा शोध त्याचा मानणं जास्त पटतं. पाण्यात बुडवलेल्या पानांवर उन्हात बारीक बुडबुडे धरतात, अंधारात थांबतात, हे त्याने बघितलं होतं.

खरा वाद त्या बुडबुड्यांचाच. हा ऑक्सिजन येतो कुठून? बरीच वर्षं धरून चालले होते की कार्बन डायऑक्साइड फुटतो आणि त्यातला ऑक्सिजन सुटतो. १९३० च्या दशकात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ व्हान नीलने जांभळ्या गंधक-बॅक्टेरियांकडे बोट दाखवलं, ते पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरतात आणि ऑक्सिजनऐवजी गंधक मागे टाकतात, म्हणजे वनस्पतींत फुटत असणार ते पाणीच. १९४१ मध्ये रूबेन आणि केमेनने ऑक्सिजन-१८ (ऑक्सिजनचा नेहमीपेक्षा जड, त्यामुळे ओळखता येणारा प्रकार) असलेलं पाणी शेवाळाला दिलं तेव्हा बाहेर आलेल्या ऑक्सिजनमधलं त्याचं प्रमाण पाण्याशी जुळलं. यावर आक्षेप असा होता की पाणी आणि कार्बन डायऑक्साइड आपापसात ऑक्सिजनची अदलाबदल करतातच, मग पुरावा पक्का कसा, आणि जर्मन शास्त्रज्ञ वारबुर्गने तर पाण्याची बाजू शेवटपर्यंत मानली नाही. तरी पारडं पाण्याकडेच झुकतं. साधा हिशोब पण तेच सांगतो, साखरेच्या (ग्लुकोजच्या) एका रेणूमागे सुटणारे ऑक्सिजनचे ६ रेणू म्हणजे १२ अणू, ते सगळे पाण्यातून यायचे तर पाण्याचे १२ रेणू लागतात, म्हणून प्रकाशसंश्लेषणाच्या समीकरणात पाण्याचे रेणू ६ नाही, १२ लिहावेत.

या विषयातला सगळ्यात देखणा प्रयोग १९६९ चा, फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर झोलिओचा. अंधारात ठेवलेल्या हरितलवकांवर प्रकाशाचे क्षणभराचे झोत टाकले तर पहिल्या दोन झोतांना जवळपास काहीच येत नाही, तिसऱ्याला ऑक्सिजन भरपूर, आणि मग दर चौथ्या झोताला पुन्हा चढ. यावरून कोक या शास्त्रज्ञाने १९७० मध्ये मांडलं की पाणी फोडणारी यंत्रणा चार पायऱ्यांनी इलेक्ट्रॉन काढून घेते. तिथे मँगनीजचे ४ आणि कॅल्शियमचा १ अणू बसलेला असतो.

साखर बनायचा पुढचा भाग कॅल्विन चक्र म्हणून ओळखला जातो, खरं तर कॅल्विनचे सहकारी बेन्सन आणि बॅशम यांचं नावही त्यात हवं, १९६१ चं नोबेल मात्र एकट्या कॅल्विनला मिळालं.

ऑक्सिजन सोडणारं प्रकाशसंश्लेषण नक्की कधी सुरू झालं यावर एकमत नाही. हवेत ऑक्सिजन टिकून राहायला लागला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे प्रोसेस त्याआधीची असावी. ऑस्ट्रेलियातल्या २७० कोटी वर्षं जुन्या खडकांतल्या, जुन्या सजीवांच्या चरबीच्या तेलकट खुणांचा आधार पूर्वी दिला जायचा, पण त्या नंतर मिसळलेल्या निघाल्या, त्यामुळे तो आता धरू नये.