शेपटीची गुंडाळी

शुक्राणू हलत नाही म्हणजे तो मेलाच, असं नाही. मग जिवंत ओळखायचा कसा? १९८४ साली एक सोपी चाचणी पुढे आली. सोडियम सायट्रेट आणि फ्रुक्टोजच्या पातळ द्रावणात शुक्राणू सोडायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली शेपट्या पाहायच्या. जिवंत शुक्राणूत पाणी शिरतं, तो फुगतो आणि त्याच्या शेपटीची गुंडाळी होते. मेलेल्याचं आवरणच फाटकं, त्यात ताण येणार कुठून? त्याची शेपटी तशीच राहते. इक्सी, म्हणजे एकच शुक्राणू सुईने थेट बीजांडात सोडण्याच्या उपचारात सगळेच शुक्राणू निपचित असले, तर बीजांडात सोडण्याजोगा एखादा निवडायला ही युक्ती उपयोगी पडते.

गंमत अशी, की तपासणीत जे जिवंतपणाचं लक्षण, तेच प्रवासात घडलं तर शुक्राणूचा कारभार आटोपला. गुंडाळलेल्या शेपटीने पोहणार कसं? आणि पातळ द्रावणाशी त्याची गाठ शरीरातही पडतेच. अधिवृषणात, म्हणजे वृषणालगतच्या साठवणीच्या नळीत, शुक्राणू क्षारांनी दाट अशा द्रवात मुक्कामाला असतात. स्त्रीच्या जननमार्गातला द्रव त्यापेक्षा पातळ. पाणी पातळ बाजूकडून दाट बाजूकडे जातं, या परासरणाच्या नियमाने ते आत घुसू लागतं.

पेशीच्या मेदाळ आवरणातून पाणी झिरपतं, पण सावकाश. झटपट ये-जा करायला प्रथिनांच्या नळ्या लागतात, त्यांचं नाव ॲक्वापोरिन. अमेरिकी संशोधक पीटर ॲग्री यांच्या गटाने १९९२ मध्ये रक्तपेशीतलं असं प्रथिन बेडकाच्या अंडपेशींत तयार करवलं. पातळ द्रावणात ठेवताच त्या अंडपेशी भराभर फुगून फुटल्या. प्रथिन नसलेल्या शाबूत राहिल्या. २००३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये ॲग्रींचा वाटा होता तो याच शोधासाठी. अशा एका नळीतून सेकंदाला सुमारे ३ अब्ज रेणू एकामागोमाग एक जातात.

मानवी शुक्राणूत ३, ७, ८ आणि ११ या क्रमांकांची ॲक्वापोरिन सापडली आहेत. पैकी ३ क्रमांकाचं शेपटीत असतं. पाणी आत येऊ देणारी नळी शुक्राणूला घातकच, असं वाटेल. पण फुगू लागलेली पेशी पोटॅशियम आणि क्लोराइड बाहेर टाकते, मागोमाग पाणीही बाहेर पडतं, आणि तेव्हा वाट मोकळी हवी. २०११ मध्ये ३ क्रमांकाचं प्रथिन नसलेल्या उंदरांवरचं काम प्रसिद्ध झालं. त्यांचे शुक्राणू चपळ होते, पण गर्भाशयात गेल्यावर जास्त फुगले, शेपट्या वाकल्या आणि फलनाचं प्रमाण घटलं. मात्र ७ क्रमांकाविना उंदरांचं काही अडत नाही. एकाची उणीव दुसरं भरून काढत असावं.

३ आणि ७ यांतून ग्लिसरॉलही जातं. १९४९ पासून वीर्य गोठवताना बर्फाने पेशी फुटू नयेत म्हणून ग्लिसरॉल वापरतात. गावात गाईच्या कृत्रिम रेतनासाठी येणाऱ्या गोठीत रेतमात्रेतही तेच असतं. ज्या वळूंचे शुक्राणू गोठवणं चांगलं सोसतात, त्यांच्यात ७ क्रमांकाचं प्रथिन जास्त आढळलं आहे.